खालचा बर्थ कुणाला?

शनिवार-रविवारला जोडून एखादी सुटी आली की अर्धा देश गोव्याकडे निघतो. मग गोव्यातल्या माणसानं जायचं कुठे? आम्ही मुंबईला जातो. समुद्र बघायला नव्हे, तो आहेच. गर्दी बघायलाही नव्हे, ती हल्ली मांडवीच्या पुलावरही मिळते. 'एकदा सगळ्यांनी मिळून जाऊया' असं कुणीतरी जेवताना म्हणतं आणि फोंड्यातल्या आमच्या घरात खलबतं सुरू होतात.

तारखेचं तसं लवकर आटोपतं. चवथ, शिगमा, गावची जत्रा, पोरांच्या परीक्षा आणि पावसाळा (तेव्हा कोकण रेल्वेचं वेळापत्रकच वेगळं, गाड्या सावकाश धावतात) एवढं वगळलं की हाती लागतात मोजके शनिवार. त्यातल्या एखाद्यावर बोट ठेवायचं.

खरा घोळ तिकिटांचा. आम्ही सातजण: पंच्याऐंशीच्या आजेसासूबाई, ज्यांना सगळेच आजी म्हणतात, गुडघ्यांनी बेजार सासूबाई, कंबरेला पट्टा बांधणारे सासरे, आम्ही दोघं आणि दोन पोरं. म्हणजे खालचा बर्थ हवाच असे तिघं. रेल्वेत त्यासाठी कोटा आहे, पुरुषांना साठीपासून आणि बायकांना चक्क पंचेचाळिशीपासून. (वाचल्यावर मी गुपचूप माझं वय मोजलं.) पण त्या कोट्यातून एका तिकिटावर दोघांनाच जाता येतं, आणि सोबत एखादं तरणं माणूस घातलं की कोटा गेला. म्हणजे सगळ्यांना एकत्र न्यायचं तर आधी कागदावर घर फोडायचं! आजी आणि सासूबाई एका तिकिटावर, सासरे एकटे दुसऱ्यावर, बाकीचे तिसऱ्यावर. सासरे म्हणाले, "मी वेगळ्या डब्यात? आणि माझ्या गोळ्या कुणाकडे?" गोळ्या सासूबाईंच्या पर्समध्ये असतात. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांना स्वतःच्या गोळ्यांचा रंगदेखील ठाऊक नाही.

नवऱ्याचं म्हणणं, वंदे भारतनं जाऊया, झटकन पोचू. पण ती बसून जायची गाडी, आजींना पाय लांब करायला हवेत. तेव्हा कोकणकन्याच: करमळीला संध्याकाळी बसायचं, पहाटे मुंबई. पूर्वी आरक्षण १२० दिवस आधी उघडायचं, नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलं. लोकांनी कुरकुर केली. आमच्या घरी मात्र ते पथ्यावर पडलं. चार महिन्यांपुढची तारीख काढली की आजी विचारायच्या, "तेव्हा मी असेन का गो?" दोन महिन्यांची त्या हमी देतात.

यानंतर जायचं कुठे. इथे लक्षात येतं की प्रत्येकाची मुंबई वेगळी आहे. आजींची भाऊच्या धक्क्यावर सुरू होते. गोवा मुक्त झाला, त्यांचं लग्न झालं, आणि पणजीहून आगबोटीनं त्या पहिल्यांदा मुंबईला गेल्या. डेकवर चादर पसरून जागा धरायची. मधल्या बंदरांत पडावातून माणसं यायची, आधी ट्रंका वर, मग पोरं, मग बायका. पोटात ढवळायला लागलं की शेजारीण लिंबू हुंगायला द्यायची. आता त्या धक्क्यावर मासळीचा लिलाव असतो आणि मांडव्याची रो-रो बोट सुटते, हे सांगून झालं. "असूं दे, धक्का तर आहे ना," म्हणाल्या. सासऱ्यांची मुंबई म्हणजे दादर. नोकरीची पहिली वर्षं तिथे काढलेली. शिवाजी मंदिरात नाटक बघितल्याशिवाय मुंबई बघितली असं त्यांना वाटतच नाही. पोरांची मुंबई म्हणजे पेंग्विन.

माझं मत असं, की म्हातारी आणि पोरं बरोबर असली की सकाळी एक आणि संध्याकाळी एक, याहून जास्त ठिकाणं घेऊ नयेत. ती शाळेची सहल होते. घारापुरी मी पहिल्या फटक्यात उडवलं. बोटीतून उतरून शंभरावर पायऱ्या कोण चढणार? तोडगा निघाला राणीच्या बागेत. पोरांना पेंग्विन, आजींना जुन्या झाडांखाली बाकडं, सासऱ्यांना शेजारीच भाऊ दाजी लाड संग्रहालय, १८७२ सालचं, आणि मला दोन तास कुणी हाक न मारण्याची शक्यता. बुधवारी दोन्ही बंद, तो आपला प्रश्न नाही. रविवारी लोकलचा मेगाब्लॉक, म्हणून बाग शनिवारी. तिथून टॅक्सीनं भाऊचा धक्का जवळ. रविवारी दुपारी नाटक, रात्री गाडी.

उतरायचं दादरला, लिफ्ट आणि कमोड असलेल्या हॉटेलात. ही बातमी डोंबिवलीच्या मावशींना अजून सांगितलेली नाही. ते काम नवऱ्याचं, मावशी त्याची आहे. सासऱ्यांनी तेवढं विचारून घेतलं, "जेवणात नुस्तं मिळेल ना? ताजं?" नुस्तं म्हणजे आमच्याकडे मासळी. मिळेल म्हटलं. ताजं की नाही ते तिथे ताट आल्यावर ते स्वतःच जाहीर करतील, अख्ख्या हॉटेलला ऐकू जाईल असं.

सगळं ठरलं आणि काल आजींनी देवापुढची वात सारखी करता करता सांगून टाकलं, "म्हापशाची शांती पण येतेय हां." शांती म्हणजे त्यांची धाकटी बहीण, वय अठ्ठ्याहत्तर. नवऱ्यानं कपाळाला हात लावला. मी कागद पुढे ओढला: आजी आणि शांतीमावशी एका तिकिटावर, सासू-सासरे दुसऱ्यावर, आम्ही चौघं तिसऱ्यावर. गोळ्यांसकट सगळं जमलं.