लिस्बनमधली जन्मनोंद

म्हापशात वकिली करताना पोर्तुगीज पासपोर्टची प्रकरणं नेहमीचीच. तरी डिचोलीकडचे ते काका आणि इंग्लंडहून आलेला त्यांचा मुलगा मला विसरता येत नाहीत.

मुलाने टेबलावर दोन पासपोर्ट ठेवले, एक निळा आणि एक लालसर. "निळ्याची मुदत संपतेय, रिन्यू करायचाय," तो म्हणाला.

काय सांगावं ते क्षणभर सुचेना. 1955च्या नागरिकत्व कायद्याचं कलम 9 स्पष्ट आहे: स्वतःहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं, की भारताचं आपोआप संपतं. अर्ज लागत नाही, नोटीस येत नाही. म्हणजे लालसर पासपोर्ट हातात आला तेव्हाच हा मुलगा भारतीय राहिला नव्हता. "एजंट म्हणाला, नोकरीपुरता कागद आहे," तो हळूच म्हणाला. अशा एजंटांचा मला मनापासून राग येतो.

काकांनी प्लास्टिकच्या पिशवीतून स्वतःचा जुना पोर्तुगीज जन्मदाखला काढला. त्यावर शंकरचं 'शेंकोरा' झालेलं. काका शाळेत होते तेव्हा गोवा मुक्त झाला. मग 1962च्या आदेशाने, 20 डिसेंबर 1961पूर्वी इथे जन्मलेले सगळे भारतीय नागरिक ठरले. ज्यांना पोर्तुगीज राहायचं होतं, त्यांना तसं लिहून द्यायला एक महिना दिला होता. पोर्तुगालने मात्र आपल्या राजवटीत जन्मलेल्यांना लिस्बनला जन्मनोंद करायची वाट उघडी ठेवली, आणि त्या नोंदीवर मुलांनाही पोर्तुगीज नागरिकत्वाचा हक्क सांगता येतो. मुलासाठी म्हणून काकांनी तीच नोंद करून घेतली होती.

"मग माझं व्होटिंग कार्ड?" त्यांनी विचारलं. सत्तरी ओलांडलेला माणूस, एकही निवडणूक न चुकवलेला.

त्यांनी पोर्तुगीज पासपोर्ट घेतला नव्हता, ओळखपत्रही नाही. नुसत्या नोंदीने नागरिकत्व गेलं का, यावर वाद आहे. निर्णय केंद्र सरकारचा. मी तेवढंच सांगितलं, आणि बजावलं, "काका, यापुढे मला विचारल्याशिवाय कशावरही सही करू नका."

मुलाला पासपोर्ट जमा करून ओसीआय कार्डासाठी, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळणाऱ्या कार्डासाठी, अर्ज करावा लागणार होता. त्यावर येता-राहता येतं. पण मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही.

तो निळ्या पासपोर्टची पानं चाळत होता. "जमा केला की परत देतात?"

"देतात. रद्दचा शिक्का मारून."

काकांनी तो त्याच्या हातातून घेतला आणि दाखल्याच्या पिशवीत ठेवला.