सोनगीर फाट्यावरची रोल्स-रॉइस

मुंबई-आग्रा महामार्गावर धुळ्याच्या उत्तरेला सोनगीर लागते. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी आणि टेकडीवरच्या किल्ल्यासाठी ओळखले जाणारे हे गाव माझ्या वार्तांकनाच्या हद्दीत येते. तेथून एका दुपारी आमच्या कार्यालयात बातमी आली की, एका मोठ्या हिंदी नटाची रोल्स-रॉइस ट्रेलरवरून इंदूरकडे नेली जात असताना फाट्यावरच्या ढाब्याजवळ थांबली आणि तिच्या बॉनेटवरची सोन्याची बाहुली चोरीला गेली. बातमी आमच्यापर्यंत पोहोचली तेव्हा तिला नटाचे नाव, ही गाडी ज्या अभिनेत्रीला भेट म्हणून निघाली होती तिचे नाव आणि बाहुलीची किंमत एवढे सगळे चिकटलेले होते. उपसंपादकांनी पहिल्या पानावर जागा राखून ठेवली आणि मला तातडीने पाठवले.

मी पोहोचलो तेव्हा ट्रेलरभोवती मोठी गर्दी होती. वाऱ्याने ताडपत्रीचा दोर सुटला होता, तो पुन्हा बांधण्यासाठी चालकाने गाडी बाजूला घेतली होती. तेवढ्या वेळात कोणीतरी गाडीचे नाक पाहिले, मोबाइलवर त्याच गाडीचे छायाचित्र शोधले, त्यात बाहुली दिसली आणि समोर दिसली नाही. चोरीचा जन्म एवढ्यावरच झाला होता. गाडीसोबत आलेला माणूस घाबरलेला होता, कारण लोक त्यालाच जाब विचारत होते. मालकाचे नाव सांगण्याची त्याला परवानगी नव्हती, आणि तो गप्प राहिल्यामुळे नटाच्या नावावर शिक्कामोर्तब झाल्यासारखेच लोकांना वाटत होते.

मी त्याला एवढीच विनंती केली की, गाडी उघडून मूर्ती वर आणून दाखवावी. या कंपनीच्या अलीकडच्या गाड्यांमध्ये गाडीला कुलूप लागले की ती मूर्ती रेडिएटरच्या जाळीवरील खाचेत आत जाते. कोणी हिसका दिला तरीही ती आत सरकते. त्याने दार उघडून बटण दाबले आणि वारा अंगावर घेत पुढे झुकलेली ती स्त्री हळूहळू वर आली. ती सोन्याची नव्हती, पोलादाची होती. गर्दीतून एकच आवाज उठला. त्या आवाजात आनंद होता तशी थोडी निराशाही होती, कारण हातात आलेली चोरी निसटली होती.

खरे तर माझे काम तेथे संपले होते. पण लोक हलेनात. एका तरुणाने इंग्रजांनी अपमान केल्यावर या गाड्या विकत घेऊन त्यांतून शहराचा कचरा उचलायला लावणाऱ्या महाराजांची गोष्ट सुरू केली. ही गोष्ट कधी अलवारच्या, कधी भरतपूरच्या, तर कधी पटियाळ्याच्या राजाच्या नावावर सांगितली जाते, आणि एकच प्रसंग इतक्या राजांच्या नावावर फिरू लागला की बातमीदाराने सावध व्हावे. तरीही ती ऐकताना प्रत्येकाचा चेहरा उजळत होता. अपमान, त्याची परतफेड आणि शेवटी माफी, असा तिचा घाट पुरा आहे. आम्ही वृत्तपत्रवाले लोकांच्या कुचाळकीला नावे ठेवतो, परंतु माणसाला गोष्ट शेवटापर्यंत ऐकायची असते, आणि खरी गोष्ट कोणी पुरी करून दिली नाही तर ती तो स्वतः पुरी करतो. त्या गर्दीतल्या कोणालाही त्या नटाचे वाईट व्हावे असे वाटत नव्हते. कोट्यवधी रुपयांची वस्तू दारात येऊन उभी राहिली होती, आणि तिच्यामागे तेवढ्याच तोलामोलाचे माणसाचे सुखदुःख असले पाहिजे, असे त्यांना वाटत होते. मला ही अपेक्षा रास्त वाटते.

म्हणून मी त्यांना त्या मूर्तीची हकिकत सांगितली. जॉन माँटेग्यू हे इंग्रज उमराव मोटारींचे मोठे पुरस्कर्ते होते आणि मोटारींविषयीचे एक नियतकालिक चालवत. एलेनॉर थॉर्नटन त्यांच्या कचेरीत काम करीत असे. ते विवाहित होते. दोघांचे प्रेम जवळच्या मंडळींना ठाऊक होते आणि बाहेर त्याविषयी कोणी बोलत नसे. शिल्पकार चार्ल्स साइक्स यांनी माँटेग्यूंच्या रोल्स-रॉइससाठी ओठांवर बोट ठेवलेल्या स्त्रीची मूर्ती घडवली. पुढे १९११ मध्ये कंपनीसाठी त्यांनीच घडवलेली मूर्ती आजही गाडीवर आहे, आणि तिच्यामागेही एलेनॉरच होती असे मानले जाते. डिसेंबर १९१५ मध्ये ती दोघे ‘पर्शिया’ या जहाजाने हिंदुस्थानकडे निघाली होती. ३० तारखेला क्रीटजवळ जर्मन पाणबुडीने पूर्वसूचना न देता पाणतीर मारला. जहाज काही मिनिटांत बुडाले आणि तीनशेहून अधिक माणसे गेली. माँटेग्यू वाचले, ते इंग्लंडला परतले तेव्हा त्यांच्या निधनाचे वृत्त छापून झालेले होते.

मी येथे थांबलो तेव्हा पुढे उभे असलेले एक वृद्ध तांबट अहिराणीत म्हणाले, “मंग त्या बाईनं काय जायं?” एलेनॉर बुडाली, हे मी त्यांना सांगितले. सुरुवातीच्या काळात या मूर्ती मेणाचा साचा वितळवून ओतल्या जात, त्यामुळे प्रत्येक मूर्ती दुसरीपेक्षा थोडी वेगळी असे, हेही मी सांगितले. त्यानंतर त्यांनी ट्रेलरवर हात टेकून मूर्तीच्या बाह्यांच्या चुण्या बराच वेळ न्याहाळल्या आणि शेजारच्या पोरांना कानस कुठे फिरली असेल ते दाखवू लागले. नटाचे नाव त्या वेळेपासून मला पुन्हा ऐकू आले नाही.

कार्यालयात परतल्यावर खरा वाद झाला. चोरी झालीच नाही, तर ‘नटाच्या गाडीची सोनगीरमध्ये चर्चा’ असे काही द्यावे, नावापुढे प्रश्नचिन्ह टाकावे, असा आग्रह होता. मी तो मानला नाही. प्रश्नचिन्ह टाकले तरी वाचक नावच लक्षात ठेवतो आणि ज्या स्त्रीचे नाव ओढले जाते तिला ते पुसता येत नाही. अखेर पान सुटण्याआधी आतल्या पानावर चौकट मिळाली: मूर्ती आत कशी जाते, ती कोणी घडवली, जहाज कसे बुडाले. जागेअभावी एक परिच्छेद काढावा लागला.

दुसऱ्या दिवशी आलेले दूरध्वनी नेमके त्या गाळलेल्या भागाविषयी होते. साक्रीहून एका शिक्षिकेने विचारले, त्या दोघांना मूल होते का? मी त्यांना सांगितले की, होते. मुलगी होती, तिचे नाव जोन, तिचा जन्म १९०३ मध्ये झाला आणि तिला दुसऱ्या घरी वाढवले गेले. पुढच्या रविवारच्या पुरवणीसाठी मी आता तो परिच्छेद विस्ताराने लिहून दिला आहे.