खाटेखालचं गेज

लोहखनिज धुणाऱ्या प्लांटमध्ये किरणोत्सर्गी पदार्थ असू शकतो, हे गोव्यातल्या डिचोली-सत्तरीत खाणीवर आयुष्य काढलेल्या कित्येकांना माहीत नसतं. स्लरीच्या, म्हणजे पाण्यात कालवलेल्या खनिजाच्या, नळीला एका बाजूने बालदीएवढा पिवळा डबा आवळलेला असतो, समोरच्या बाजूला डिटेक्टर. डब्यात शिसं, शिशाच्या पोटात करंगळीच्या पेराएवढी स्टीलची कुपी आणि कुपीत सीझियम-१३७. गॅमा किरण नळीतून आरपार जातात. स्लरी दाट असली की पलीकडे कमी पोचतात, पातळ असली की जास्त. एवढ्यावरून कंट्रोल रूमला घनता कळते. नळी कापायला नको की नमुना काढायला नको. कागदोपत्री याला न्यूक्लिऑनिक गेज म्हणतात, प्लांटवर नुसतं 'गेज'.

मी फोंड्याला राहतो आणि अशा गेजांची कामं करतो. पूर्वी बसवण्याची असायची, आता बहुतेक काढून परत पाठवण्याची. गोव्यातल्या खाणी सप्टेंबर २०१२ मध्ये एकदा बंद पडल्या, मधे थोड्या सुरू झाल्या, मग सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजचं नूतनीकरण रद्द केलं आणि १६ मार्च २०१८ पासून पुन्हा सगळं ठप्प झालं. ट्रकवाले, बार्जवाले, खाण अवलंबित कामगार यांच्यावर पेपरांचे रकाने भरले, ते योग्यच होतं. गेजांवर कुणी दोन ओळी लिहिल्या नाहीत. सीझियमचा अर्धायुकाल तीस वर्षांचा. न्यायालयाचा निकाल त्याला लागू होत नाही.

अशाच एका बंद प्लांटचा मालक सगळं भंगारात काढत होता. भंगार घेणारा शहाणा निघाला. ज्या पोलादाच्या मिलला तो माल देतो, तिथे गेटवर रेडिएशन मॉनिटर आहे. ट्रक वाजला तर अख्खा माल परत आणि वर चौकशी. म्हणून त्याला प्लांट 'साफ' असल्याचं पत्र हवं होतं. ते पत्र देण्याआधी गेज काढून पुरवठादाराकडे रवाना करायचं, एवढंच माझं काम. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या, म्हणजे एईआरबीच्या, ई-लोरा प्रणालीवर नोंद बघून गेलो होतो : एक गेज, सीझियम-१३७, बसवताना ३.७ गिगाबेकरेल, जुन्या हिशेबात १०० मिलिक्युरी.

नळी होती. गेज नव्हतं.

अशा वेळी माणूस आधी घाबरतो, पण डोळे आपलं काम करत राहतात. नळी सगळी गंजलेली होती, फक्त क्लॅम्प आवळलेले होते तिथे दोन स्वच्छ पट्टे. गॅस कटरची खूण कुठे नाही. डिटेक्टरची केबल कापलेली नव्हती, ग्लँडमधून सोडवून गुंडाळी करून ठेवलेली. आणि मुख्य म्हणजे क्लॅम्पचे बोल्ट खाली एका रांगेत, प्रत्येकावर वॉशर आणि नट परत चढवलेले. चोर नट परत चढवत नाही. हा फिटरचा हात होता. ते कळलं म्हणून जीव थोडा खाली आला. पण कळवायचं ते कळवावं लागतंच.

कंपनीचा जो प्रतिनिधी सोबत आला होता, त्याचं म्हणणं : "आधी शोधू, सापडलं नाही तर कळवू." हे वाक्य मी या धंद्यात इतक्या तोंडून ऐकलंय की आता राग येत नाही, फक्त फोन हातात घेतो. मुंबईला एईआरबीत लावला. सुट्टीचा दिवस असून उचलला गेला, आणि पलीकडच्या बाईंनी पहिले तीन प्रश्न विचारले ते अचूक : शटरची (डब्यातून किरण बाहेर पडायची वाट बंद करणाऱ्या झडपेची) शेवटची नोंद काय, आवारात आत-बाहेर कोण करतं, भंगाराचा एखादा ट्रक आधीच गेलाय का. दुसरा फोन त्या प्लांटच्या जुन्या आरएसओला, म्हणजे किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकाऱ्याला. खाण बंद झाल्यावर तो ओडिशाला गेला. नियमाप्रमाणे आरएसओ बदलला की दुसरा नेमायचा. पण अख्ख्या प्लांटचीच नोकरी गेली तेव्हा त्याने चार्ज कुणाला द्यायचा? त्याचा नंबर माझ्याकडे होता तो एका ट्रेनिंगमध्ये जेवायला एका टेबलावर बसलो होतो म्हणून. भंगारवाल्याने तोवर स्वतःहून दोन्ही ट्रक गेटवर अडवून ठेवले. तिसरा फोन पोलीस ठाण्याला.

सर्व्हे मीटर घेऊन मी आवार पिंजायला लागलो. क्रशरखालून, थिकनरच्या कडेने, स्टोअरच्या मागे. मीटर आपला ताशी ०.१ मायक्रोसिव्हर्टच्या, म्हणजे एरवीही असतोच तेवढ्या आकड्याच्या, आसपास रेंगाळत होता. तेवढ्यात राखणदार आला. शिगम्याचे, म्हणजे होळीचे, दिवस, तो गावात मांडावर जाऊन आला होता. साठीचा माणूस. मी काय शोधतोय ते त्याला मीटर बघूनच कळलं.

"गेज सोदता? तें भितर आसा."

"भितर म्हणजे कुठे, मामा?"

"म्हजे खाटीपोंदा."

पंपहाऊसला लागून त्याची खोली. दारात मीटर हलला. आत खाट, खाटेच्या पायथ्याकडे खाली गोणपाट, गोणपाटाखाली पिवळा डबा, साखळीने खाटेच्या पायाला बांधलेला, वर कुलूप. भिंतीला टेकून तीन पाकळ्यांच्या चिन्हाची धोक्याची पाटी, अक्षरं भिंतीकडे करून.

मामा याच प्लांटवर फिटर होते. प्लांट बंद झाल्यावर कंपनीने त्यांना राखणीला ठेवलं. आधी तांब्याची केबल गेली, मग मोटर. चवथीनंतर, म्हणजे गणेश चतुर्थीनंतर, एका रात्री तीन-चार जण आले आणि बॅटरी मारून नेमकी ती पाटी वाचत उभे राहिले. मामांनी कुत्रे सोडले, ते पळाले. पण मामांच्या डोक्यात बसलं की पाटीच चोरांना सांगते, इथे काहीतरी किमती आहे. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुतण्याला बोलावलं, चेन ब्लॉक लावला, चाळीसेक किलोचा डबा उतरवला आणि हातगाडीवरून खोलीत आणला. त्याआधी शटरचं हँडल 'बंद'वर आहे आणि त्याला कुलूप आहे, हे त्यांनी बघितलं होतं. जुन्या आरएसओने शिकवलं होतं : हँडल बंद, कुलूप, मगच हात लावायचा. क्रम त्यांनी चुकवला नाही.

आमच्या ट्रेनिंगमध्ये सेफ्टी आणि सिक्युरिटी या एकाच नाण्याच्या दोन बाजू असल्याचं पहिल्याच स्लाइडवर असतं. मग सेफ्टीचं सत्र सकाळी एक माणूस घेतो, सिक्युरिटीचं जेवणानंतर दुसरा, आणि दोघांची चहालाही गाठ पडत नाही. सेफ्टी म्हणते : पाटी मोठी लावा, लोकांना लांब ठेवा, वस्तू जागेवरून हलवू नका. सिक्युरिटी म्हणते : वस्तू कुठे आहे ते चारचौघांना कळू देऊ नका, नजरेखाली ठेवा, कुलपात ठेवा. मामांनी दुसरं सगळं केलं आणि पहिलं सगळं मोडलं. स्लाइडवाल्यांपैकी कुणाला त्या रात्री उभं केलं असतं, तर त्याने काय केलं असतं?

मीटर सांगत होता ते असं : डब्यापासून पाच सेंटिमीटरवर ताशी वीस मायक्रोसिव्हर्ट. खाटेवर पायथ्याला दोनच्या थोडं वर, कमरेजवळ एकच्या आत, उशीवर ०.३. मग मी मामांना जे प्रश्न विचारले ते ऐकून कंपनीचा माणूस हसला. कुठल्या कुशीवर झोपता? उशी कायम याच बाजूला? दुपारी पडता का? पण डोस मोजणारा बॅज अंगावर नसलेल्या माणसाचा डोस असाच काढावा लागतो. चवथ ते शिगमो म्हणजे धरून चाला दोनशे रात्री, रात्रीचे नऊ तास. धडाच्या जागी सरासरी ०.७ धरली तर सव्वा मिलिसिव्हर्ट. सगळीकडे पायथ्याचाच आकडा लावला तर चारच्या आसपास. सामान्य नागरिकासाठी वर्षाची मर्यादा १ मिलिसिव्हर्ट. आम्हा बॅजवाल्यांसाठी पाच वर्षांची सरासरी २०. मामांच्या तब्येतीला यातून काही होईल असं मला वाटत नाही, आणि मी त्यांना तसंच सांगितलं. पण शिशातून कुपी बाहेर असती तर त्याच खाटेवर एका रात्रीतच काही मिलिसिव्हर्ट बसले असते, हेही सांगितलं. त्यांनी मान हलवली. "म्हणून तर उघडलं नाही," म्हणाले.

इन्स्पेक्टर आले ते 'अणुबॉम्बचं काहीतरी' ऐकून. आधी त्यांना मामांना जीपमध्ये बसवायचं होतं, मग डबा मुद्देमाल म्हणून ठाण्यावर न्यायचा होता. मुद्देमालाची खोली कुठे आहे विचारलं, तर ठाणे अंमलदाराच्या खुर्चीमागे. मी त्यांना दिल्लीच्या मायापुरीचं सांगितलं. २०१० मध्ये विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतलं जुनं कोबाल्ट-६०चं यंत्र लिलावात भंगारात गेलं, दुकानात तोडलं गेलं, एक माणूस मेला आणि बाकीचे महिनोन्‌महिने भाजल्यासारख्या जखमा घेऊन रुग्णालयात होते. तिथे कागद नीट होते का, कुणास ठाऊक. राखणारं कुणी नव्हतं एवढं नक्की. इन्स्पेक्टर गप्प झाले. माणूस हुशार होता, हे मला नंतर कळलं. स्टोअरची दगडी खोली आम्ही रिकामी केली, डबा भिंतीच्या कोपऱ्यात ठेवला, दाराला दोन कुलपं लावली. एक किल्ली त्यांच्याकडे, एक माझ्याकडे, म्हणजे कुणालाच एकट्याने आत जाता येऊ नये. ही कल्पना त्यांचीच. आमच्या पुस्तकात ती दोन-माणसांचा नियम म्हणून आहे. त्यांच्याकडे ती कुठल्या अनुभवातून आली ते मी विचारलं नाही. पहारा देणाऱ्या शिपायाला त्यांनी दारापासून किती लांब खुर्ची टाकायची तेही मला विचारून घेतलं.

भंगारवाल्याला मात्र ट्रक अडल्याचं दुःख होतंच. त्याला विचारलं, हे भट्टीत गेलं असतं तर काय झालं असतं, ठाऊक आहे? कोबाल्ट वितळून पोलादातच राहतं. सीझियमची वाफ होते आणि ते भट्टीच्या धुळीत, धुराड्यात जातं. १९९८ मध्ये स्पेनमध्ये अल्हेसिरासच्या पोलाद कारखान्यात सीझियमचा सोर्स वितळला, तर हवेतली वाढ फ्रान्स-स्वित्झर्लंडच्या यंत्रांनी पकडली. तो म्हणाला, "म्हणजे मिल माझ्यावर केस करणार होती." त्याच्या बाजूने बरोबरच.

जुन्या आरएसओने फोनवरून सोर्सचा सिरीयल नंबर सांगितला. प्लेटवरचा गंज घासून मी तो ताडून पाहिला. मग कुपी गळत नाही ना हे बघायला डब्याच्या सांध्यांवरून ओला फिल्टर पेपर फिरवून वाइप घेतला. साइटवरच्या मॉनिटरला त्यावर काही मिळालं नाही, तरी पेपर लॅबला गेलाच. गळतीची मर्यादा १८५ बेकरेल आहे आणि ती डोळ्यांनी ठरत नाही. एईआरबीची वाहतुकीची परवानगी आल्यावर डबा टाइप-ए पॅकेजात, म्हणजे किरणोत्सर्गी मालाच्या वाहतुकीसाठीच्या खोक्यात, बसवला. इथे मी वेळ खाल्ला आणि सगळे वैतागले. पण जानेवारी २०२३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात काय झालं ते मला ठाऊक होतं : लोहखनिजाच्याच खाणीतलं, घनतेचंच गेज, १४०० किलोमीटरच्या प्रवासात हादऱ्यांनी बोल्ट सुटला आणि ८ बाय ६ मिलिमीटरची कुपी रस्त्यावर पडली. सापडेपर्यंत तिथल्या यंत्रणांनी वाळवंटातला महामार्ग विंचरून काढला. आमचा रस्ता पत्रादेवीवरून कोकणात शिरणारा. हादऱ्यांच्या बाबतीत तो ऑस्ट्रेलियाला हार जाणार नाही. प्रत्येक बोल्ट मामांनी आवळला आणि मी टॉर्क रेंच लावून बघितला. एकही पुन्हा आवळावा लागला नाही. बाहेरच्या पृष्ठभागावर नऊ मायक्रोसिव्हर्ट, म्हणून वाहतुकीच्या तीन लेबलांपैकी मधलं, पिवळं-दोन लेबल. गाडी गेली, पोचली, पुरवठादाराची पावती आली.

मग अहवाल. कंपनीला डोसचा आकडा 'सुमारे १' असा हवा होता, आणि मामांचा उल्लेख 'अनधिकृत व्यक्ती' असा. मी सव्वा आणि चार असे दोन्ही आकडे आणि दोन्हींमागची गृहीतकं लिहिली. अनधिकृत हा शब्द खोडला नाही, कारण कायद्याने तो खरा आहे. पण त्याच परिच्छेदात लिहिलं की या व्यक्तीने शटर बंद असल्याची खात्री केली, सोर्सची चोरी टळली आणि पाटी काढण्याचं कारण तपासण्याजोगं आहे. मुंबईच्या बाईंनी फोन करून विचारलं, हे शेवटचं वाक्य ठेवायचंय का. ठेवायचंय म्हटलं. "ठेवा मग, मलाही वर विचारायचंच होतं," म्हणाल्या. पाट्या कुठे आणि किती ठळक लावायच्या यावर आमचं दोघांचं अजून एकमत नाही. त्यांचं म्हणणं, पाटी नसती आणि ते चोर डबा घेऊन गेले असते तर त्यांना कुणी सावध केलं असतं? याला माझ्याकडे उत्तर नाही. पण माझं म्हणणं असं की बंद प्लांटवर पाटी राहते आणि ती समजावून सांगणारा माणूस ओडिशाला जातो, तेव्हा पाटीचा अर्थ वाचणाराच ठरवतो.

अहवालाच्या शेवटी दोन शिफारशी होत्या : मामांची वैद्यकीय तपासणी, आणि त्यांचा थकलेला पगार. दुसरी माझ्या अधिकारात बसत नाही, हे मला माहीत होतं. पण चवथीपासून त्यांना राखणीचे पैसेच मिळाले नव्हते, ही गोष्ट सिक्युरिटीत धरायची नाही तर कशात? तपासणी कंपनीने आठवड्यात करून दिली, रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल आला, त्याची प्रत मला ईमेलने पाठवली. पगाराबद्दल त्या ईमेलमध्ये काही नव्हतं. मी परत लिहिलंय.