अकरा हजार नऊशे ब्याऐंशी

सातव्या मजल्यावरच्या मुलाची गेमिंगची खुर्ची भर दुपारी आली आणि आमच्या लिफ्टमध्ये मावेना. खोका उभा करून झाला, आडवा करून झाला, तिरका करून झाला. शेवटी वॉचमन आणि डिलिव्हरीवाला जिन्यानं निघाले आणि मी दार उघडून ती मिरवणूक बघत उभी राहिले. खोक्यावर चित्र होतं : लाल-काळी खुर्ची, मानेला वेगळी उशी, कमरेला वेगळी. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये रोज अडकणाऱ्या माणसांना कुणी देत नाही ते सगळं. मागून मुलगा हेडफोन छातीशी धरून चढत होता. म्हणाला, "मावशी, आता सीरियस खेळणार. इतके दिवस कॅज्युअल होतो."

आमची बेडरूम त्याच्या बरोब्बर खाली आहे. रात्री दीड वाजता "रिव्हाइव्ह दे, अरे रिव्हाइव्ह दे!" अशा ज्या हाका येतात त्या कॅज्युअल होत्या, हे मला त्या दिवशी कळलं. २ सप्टेंबर २०२० ला पबजीवर बंदी आली तेव्हा वर इतकं सामसूम झालं होतं, की घरात सगळं ठीक आहे ना, हे मी जाऊन विचारून आले होते. पुढच्या वर्षी खेळ नाव बदलून आला आणि आमची झोप पुन्हा गेली.

पण खुर्चीनं माणूस सीरियस होतो का?

मी पाहिलेला पहिला सीरियस खेळाडू पाटावर बसायचा. माझा चुलतभाऊ. मे महिन्यात आम्ही सगळी भावंडं नौपाड्याला काकाकडे, आणि दुपारी काकू आतल्या खोलीत पडली की टीव्ही आमचा. व्हिडिओ गेमची कॅसेट काढायची, फुंकर मारायची, परत खुपसायची. फुंकरीनं काही होत नाही हे नंतर वाचलं, पण तेव्हा ती कुणी मारायची यावरूनही मारामाऱ्या होत. कॉन्ट्रामध्ये धबधब्याची लेव्हल आहे, तिथं पडदा वर वर सरकतो. जोडीदार भराभर उड्या मारत वर गेला, की खाली राहिलेला नुसता खाली राहिला म्हणून मरतो. गोळी नाही, काही नाही. दादा दर वेळी वर जायचा आणि मी दर वेळी मरायचे. "थांब ना रे" म्हटलं की उत्तर ठरलेलं, "मी सीरियस खेळतोय." त्या लेव्हलला माझी वाट बघणारा फक्त धाकटा आत्तेभाऊ होता. त्याला खेळता येत नव्हतं असं सगळे म्हणत. मला अजूनही तसं वाटत नाही.

दादाला तीस जीवांचा मंत्रही पाठ होता. बटणं त्या क्रमानं दाबली की खेळात तीस जीव मिळत. वर वर, खाली खाली, डावीकडे उजवीकडे, डावीकडे उजवीकडे, बी, ए. कोनामी कंपनीच्या काझुहिसा हाशिमोटोनं तो मुळात १९८६ मध्ये 'ग्रेडियस' नावाच्या खेळासाठी घातला होता, कारण तपासताना त्याला स्वतःलाच तो खेळ पार करता येईना. हे वाचलं तेव्हा मला तो माणूस फार आवडला. तरी माझा एक हट्ट कायम आहे : तीस जीव घेऊन जिंकलेलं जिंकण्यात धरायचं नाही. दादा हे आजही मान्य करत नाही आणि मीही विषय सोडत नाही. लग्नाकार्यात कुणीतरी आम्हाला दोन वेगळ्या पंगतींत बसवतं.

पण खरा खेळाडू त्याच घरात, मागच्या खोलीत तयार होत होता.

दादाच्या बारावीसाठी काकानं कॉम्प्युटर जोडून आणला होता. दादा पुण्याला गेला, कॉम्प्युटर राहिला. २००२ मध्ये काका निवृत्त झाला आणि पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा घालून त्याच्यापुढं बसला. त्यातला पत्त्यांचा सॉलिटेअर त्यानं आठवडाभरात टाकून दिला. पानं उपडी असतात, मग हरलं की नशिबावर ढकलता येतं, हे त्याला पसंत नव्हतं. मग सापडला फ्रीसेल. हाही एकट्यानं खेळायचा पत्त्यांचा खेळ, पण बावन्नच्या बावन्न पानं पहिल्यापासून उघडी. आठ रांगा, चार मोकळी घरं, आणि हरलात तर कारण खुर्चीतच बसलेलं.

प्रत्येक डावाला नंबर असतो. काकानं १ पासून सुरुवात केली. विमा एजंटनं दिलेल्या डायरीत नंबर लिहायचा, सुटला की बरोबरची खूण. पुढचा नंबर कधी? आधीचा सुटला की. शेवटची एक चाल मागं घ्यायची सोय त्यात होती, काकानं ती कधी वापरली नाही. घरात झब्बू खेळतानाही टाकलेलं पान उचलू न देणारा माणूस तो. एकच चाल उरली की खिडकीची वरची पट्टी लुकलुकायला लागते. काका ते दिसलं की हात मांडीवर ठेवून नुसता बघत बसायचा. पहिल्यांदा मला वाटलं डुलकी लागली. तो कुठं घसरलो ते मागं मागं शोधत होता : किलवरची दुरी लवकर वर गेली, की चौकटचा गुलाम मोकळ्या घरात उगाच अडकवला. मग तोच डाव परत पहिल्यापासून. वरती मधोमध एक छोटा राजा असतो, माउस जिकडे जाईल तिकडे तोंड फिरवतो. काका त्याला 'साहेब' म्हणायचा. "साहेब बघतोय," असं म्हणून चाल करायचा.

आणि हेल्प वाचायचा. हेल्प वाचलेला दुसरा माणूस मी आयुष्यात पाहिलेला नाही. तिथं इंग्रजीत लिहिलेलं होतं, की प्रत्येक डाव सुटतो असं मानलं जातं, पण ते सिद्ध झालेलं नाही. काकानं त्या वाक्याचं मराठी डायरीच्या पहिल्या पानावर उतरवून 'सिद्ध नाही' खाली दोन रेघा मारल्या होत्या.

मला ११९८२ बद्दल माहीत होतं. फ्रीसेलचे मूळचे डाव बत्तीस हजार. १९९४-९५ मध्ये इंटरनेटवरच्या हौशी मंडळींनी ते आपसांत वाटून घेतले आणि एकेक करत सगळे सोडवले, एक सोडून. ११९८२ कुणालाच सुटला नाही. पुढं कॉम्प्युटरला सगळ्या वाटा तपासायला लावल्या, तरी नाही. काकाला आधीच सांगावं का, यावर दादाचं आणि माझं फोनवर भांडण झालं. दादा म्हणे, सांग, उगाच डोळे फोडेल. मी म्हटलं, तीस जीववाल्यानं यात बोलू नये. नाही सांगितलं.

२००८ च्या दिवाळीच्या सुमारास काका तिथं पोचला. फराळाला गेले तर डायरीत ११९८२ पुढं खूण नाही आणि काकाचं चकलीकडे लक्ष नाही. देवदिवाळी आली तरी तेच. काकू म्हणाली, "रात्री उठून बसतात गं. इस्पिक, इस्पिक करतात." मला वाईट वाटायला लागलं. आता सांगून टाकावं असं ठरवून गेले, तर काकानंच आधी विचारलं. अगदी हळू, ऑफिसातली गोष्ट सांगावी तसं : "तू इंटरनेटवर बघतेस ना? जरा बघ, या अकरा हजार नऊशे ब्याऐंशीमध्ये त्यांच्याकडून मांडताना काही चूक झालीये का. हा सुटत नाही."

तोवर त्याला कुणीही काही सांगितलेलं नव्हतं. मी सगळा इतिहास सांगितला. काकानं नीट ऐकून घेतला, "मग ठीक," म्हणाला, डायरीत नंबराभोवती चौकोन काढला आणि ११९८३ लावला. आनंद नाही, सुस्कारा नाही. संध्याकाळी मात्र तलावपाळीला दोन फेऱ्या मारून आला आणि थालीपीठ मागून घेतलं.

२०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धांत ई-स्पोर्ट्स नुसते प्रात्यक्षिक म्हणून होते, तिथं भुजच्या तीर्थ मेहतानं हार्थस्टोनमध्ये ब्राँझ मिळवलं. हार्थस्टोन हाही पत्त्यांचाच खेळ, फक्त जादूटोण्याचा, म्हणून बातमी मी काकाला कौतुकानं वाचून दाखवली. "पानं उघडी असतात का?" नाही म्हटल्यावर तो पुन्हा साहेबाकडे वळला.

काकू या सगळ्याला 'त्यांचं खूळ' म्हणते. स्वतः कँडी क्रशच्या हजारोव्या लेव्हलला आहे, एक रुपया न घालता. पाच लाइफ, गेलेली एक परत यायला अर्धा तास. त्या अर्ध्या तासात कुकर, नाहीतर देवाची वात, नाहीतर भाजी निवडणं. तिच्या घराचं अख्खं वेळापत्रक त्या अर्ध्या तासांवर बसवलेलं आहे. पण तिला खेळाडू म्हटलं तर राग येतो.

काका आता ८१ चा आहे. मोतीबिंदूनंतर वेग उतरलाय, डाव तीस हजारांच्या पुढं गेलेत. मधे दादानं कॉम्प्युटरवर विंडोज एक्सपी घालून दिल्यावर ते बत्तीस हजारांचे दहा लाख झाले होते. "काळजी मिटली," काका म्हणाला होता. त्या दहा लाखांत न सुटणारे डाव आठ आहेत. पहिला ११९८२. दुसरा थेट १४६६९२. मी हिशेब केला : काकाच्या जुन्या वेगानंही तिथं पोचायला आणखी साठएक वर्षं लागतील. म्हणजे आता त्याच्या वाटेत न सुटणारा एकही डाव नाही.

हे मी परवा काकूला सांगितलं. ती म्हणाली, "ते असू दे. आधी लाइफ पाठव."