बोल्टचे आटे

भोसरी एमआयडीसीत गुरुवारी कोणी मीटिंग ठेवत नाही. गुरुवार म्हणजे सुट्टी, आणि सुट्टी नसली तरी लाईट नाही. महावितरणची देखभालीची कामं नेमकी त्याच दिवशी निघतात. पण आमचं गिऱ्हाईक चाकणचं, त्यांना भोसरीच्या गुरुवारचं काय? बुधवारी संध्याकाळी त्यांच्या साहेबांचा फोन आला. "उद्या चारला फिक्स्चरचा रिव्ह्यू घेऊन टाकू. मॉडेल आधी अपलोड करून ठेवा, आम्ही ब्राउझरमध्येच बघू." आमचे सर म्हणाले, "हो हो, नक्की." नक्की म्हणायचं सरांनी आणि अपलोड करायचं मी, अशी आमच्याकडे कामाची वाटणी आहे.

आम्ही फिक्स्चर बनवतो, म्हणजे मशीनवर काम होताना पार्ट जागेवर घट्ट धरून ठेवणारी पकड. नऊ माणसं, पत्र्याची शेड, वर माळ्यावर डिझाइनची खोली. हे काम होतं गिअरबॉक्सच्या ॲल्युमिनियम हाउसिंगचं. एचएमसीवर (आडव्या स्पिंडलच्या मशीनिंग सेंटरवर) चढणारं हायड्रॉलिक फिक्स्चर, टूम्बस्टोनच्या, म्हणजे उभ्या चौकोनी खांबाच्या, चारही बाजूंना एकेक कंपोनंट. गिऱ्हाइकाने वर्षभरापूर्वी सगळं क्लाउडवरच्या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये हलवलंय. आपण फाइल टाकायची, ती तिकडच्या सर्व्हरवर त्यांच्या फॉरमॅटमध्ये बदलते, मग कोणीही, अगदी मोबाईलवरसुद्धा, मॉडेल फिरवून बघतो. मला हे मनापासून आवडतं. आधी लॅपटॉप आणि पेनड्राइव्ह घेऊन मोशीच्या ट्रॅफिकमधून चाकणला जावं लागायचं, आणि तिथे गेल्यावर साहेब लाइनवर गेलेले असायचे.

तर गुरुवारी सकाळी मी मॉडेलची स्टेप फाइल काढली, म्हणजे एका डिझाइन सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात न्यायची फाइल. ४१२ एमबी. आकडा बघून जरा पोटात कालवलं, पण त्याआधी कधी शंभरच्या पुढची फाइल पाठवलीच नव्हती, त्यामुळे नेमकं कशाला घाबरायचं तेही कळेना. नऊ पन्नासला अपलोड लावलं. पाच मिनिटांत ८७ टक्के झालं आणि लाईट गेली.

कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर होते, ते चालू राहिले. राउटरही चालू राहिला. पण गल्लीतल्या नेटवाल्याच्या डब्याला बॅटरी नसावी, कारण राउटरचे दिवे लागलेले आणि नेट गायब. ८७ टक्क्यांवरून पुढे सुरू होईल अशी माझी भाबडी आशा होती. मोबाईलचं हॉटस्पॉट जोडून पान उघडलं तर पुन्हा शून्य. एवढी मोठमोठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना अर्धवट राहिलेलं अपलोड तिथून पुढे नेता येऊ नये, हे मला अजूनही पटलेलं नाही.

पत्र्याच्या शेडमध्ये मोबाईलला रेंज अशी नसतेच. खिडकीच्या गजाला फोन रबरबँडने बांधला तेव्हा कुठे पाच एमबीपीएसचा अपलोड मिळाला. आमचा ज्युनिअर यंदाच डिप्लोमा करून आलाय. तो म्हणाला, "मॅडम, पाच म्हणजे चारशे बाराला दीड मिनिट लागेल." त्याला सांगितलं, बाबा, स्पीडमधला बी बिटचा आणि फाइलमधला बी बाइटचा. आठ बिटांचा एक बाइट. ४१२ गुणिले ८ म्हणजे ३२९६, भागिले ५, म्हणजे ६६० सेकंद, म्हणजे ११ मिनिटं. घड्याळ लावलं. १३ मिनिटं लागली. हिशेब आणि घड्याळ इतकं जवळ आलं की मला बरंच वाटलं. नेट आपलं काम करत होतं.

आणि मग ते चाक फिरायला लागलं.

"ट्रान्सलेटिंग" असं लिहिलेलं आणि शेजारी गोल फिरणारं चाक. टक्के नाहीत, वेळ नाही, काही नाही. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. सरांचे तीन फोन येऊन गेले. ज्युनिअरने निदान केलं की सर्व्हर अमेरिकेत असणार, म्हणून उशीर होतोय. प्रकाश काचेच्या तारेतून सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. निरोप अमेरिकेला जाऊन परत यायला फार तर पाव सेकंद लागेल, दीड तास कसा लागेल? हे मी त्याला बोलले खरी, पण मनात माझ्याही तेच होतं की नेट बदललं पाहिजे, प्लॅन वाढवला पाहिजे. बारा वाजून पाच मिनिटांनी चाक थांबलं आणि लाल अक्षरात आलं: रूपांतर अयशस्वी. कारण? कारण दिलेलं नाही.

मग मी जे केलं ते करायला नको होतं, पण घाईत माणूस हाताशी असेल तेच करतो. फाइल झिप केली. ४१२ ची ५८ एमबी झाली, दीड-दोन मिनिटांत वर गेली. ज्युनिअरने टाळी दिली. आणि पुन्हा तेच चाक. अर्थातच. पिशवी घडी घालून लहान केली तरी तिकडे उघडल्यावर आत सामान तेवढंच.

पण त्या झिपनेच मला खरं तर जागं केलं. ४१२ ची ५८ होते म्हणजे आत एकच एक गोष्ट पुन्हा पुन्हा लिहिलेली असणार. काय लिहिलंय ते तरी बघू म्हटलं.

स्टेप फाइल उघडून बघता येते हे आमच्या लाइनीतल्या बऱ्याच जणांना माहीत नसतं. १९९४ साली आलेलं हे आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ १०३०३, आणि फाइल म्हणजे चक्क साधा मजकूर. प्रत्येक ओळीला एक नंबर आणि पुढे वर्णन: हा बिंदू, त्याचे एक्स-वाय-झेड, ही कडा, ती या दोन बिंदूंमधली, हा पृष्ठभाग, त्याला या या कडा. अख्खं फिक्स्चर असं ओळीओळीने सांगितलेलं असतं. ४१२ एमबीची फाइल नोटपॅडमध्ये उघडायला गेले तर नोटपॅडच बसलं. मग काळ्या कमांड विंडोत मोजायला लावलं. एकूण ५८ लाख ओळी. त्यात ४९ लाख नुसते बिंदू.

चार प्लेट, चार कंपोनंट, काही क्लॅम्प सिलिंडर, रेस्टपॅड, लोकेटिंग पिना. यात ४९ लाख बिंदू कुठून आले? सपाट पृष्ठभाग सांगायला एक बिंदू आणि दिशा पुरते. भोक म्हणजे सिलिंडर. अक्ष सांगा, त्रिज्या सांगा, झालं. आमचं बहुतेक काम सपाट आणि गोल. मी एकेक पार्ट वेगळा काढून त्याची स्टेप करून बघायला लागले. बेस प्लेट, किरकोळ. टूम्बस्टोन, त्याहून किरकोळ. क्लॅम्प सिलिंडरवर कॅटलॉगवाल्यांनी आपलं नाव उठावाच्या अक्षरांत कोरलेलं, ते थोडं जड निघालं. मग सहज म्हणून एक एम ८ चा ॲलन बोल्ट काढला.

१.७ एमबी. एक बोल्ट. आणि असेंब्लीत बोल्ट २१४.

माझी कानशिलं गरम झाली, कारण ते बोल्ट माझे होते. दोन वर्षांपूर्वी एका कोटेशनसाठी सरांना "फोटोसारखं" चित्र हवं होतं, म्हणून मी आमच्या लायब्ररीतल्या सगळ्या बोल्टना खरे आटे पाडले होते. एम ८ ला १.२५ चा पिच, साठ अंशांचा कोन, सगळं शास्त्रशुद्ध. चित्र झकास आलं, ऑर्डरही मिळाली, आणि ते बोल्ट लायब्ररीत तसेच राहिले. आटा म्हणजे मळसूत्र, पिळत पिळत वर जाणारा पृष्ठभाग. सिलिंडरसारखं त्याचं दोन आकड्यांत काम भागत नाही. सॉफ्टवेअर त्याला बी-स्प्लाइन करतं, म्हणजे शेकडो बिंदूंच्या जाळ्यावर ताणलेलं कापड. असे तुकडे एका बोल्टला कितीतरी.

पण एकच बोल्ट २१४ ठिकाणी असेल तर तो फाइलमध्ये एकदाच लिहावा आणि २१४ जागा सांगाव्यात; स्टेपला ते जमतं. इथे आमची दुसरी खोड नडली. फार पूर्वी आमचं एक मॉडेल गिऱ्हाइकाकडून दुसऱ्याच व्हेंडरच्या हाती गेलं होतं. तेव्हापासून सरांचा नियम: असेंब्ली द्यायची नाही, सगळं एकाच पार्टमध्ये सेव्ह करून द्यायचं. एक पार्ट केला की बोल्ट बोल्ट राहत नाहीत, नुसते धातूचे गोळे होतात, आणि प्रत्येक गोळा पहिल्यापासून पूर्ण लिहिला जातो. २१४ वेळा. १.७ गुणिले २१४ म्हणजे ३६४ एमबी नुसते बोल्ट. मी त्यांना फिक्स्चर पाठवत नव्हते, हार्डवेअरचं दुकान पाठवत होते.

आता चाकाचंही कोडं सुटलं. तिकडचा सर्व्हर फाइल नुसती उचलून ठेवत नाही. तो ५८ लाख ओळी वाचतो, बिंदूंपासून कडा आणि कडांपासून पृष्ठभाग पुन्हा उभे करतो, प्रत्येक कडा खरंच त्या पृष्ठभागावर बसतेय का तपासतो, जिथे फट दिसेल तिथे शिवतो, मग त्याला स्वतःच्या गणिती इंजिनाच्या भाषेत लिहितो, आणि शेवटी ब्राउझरला दाखवता यावं म्हणून सगळ्याचे बारीक त्रिकोण पाडतो. सपाट चौकोनी पृष्ठभागाचे दोन त्रिकोण झाले की संपलं. आट्याचे हजारो. यात माझ्या नेटचा स्पीड शंभरपट केला असता तरी एक सेकंदही वाचला नसता.

खाली बेंचवर टूलरूमचे काका हाताने बर (कापल्यावर राहिलेली धारदार कड) काढत बसले होते. लाईट नसली तरी त्यांची सुट्टी नसते. डबा खाता खाता मी त्यांना हे सांगितलं. ते म्हणाले, "आटे कशाला पाठवायचे? तो काय फाइलीतला बोल्ट पिळणारे का? मला सहा पॉइंट आठचं ड्रिल आणि खोली सांगा, टॅप मारून आटे मी पाडतो." मला एकदम कॉलेजातलं पहिल्या वर्षाचं ड्रॉइंग आठवलं. बोल्टची बाहेरची रेघ जाड, आतली बारीक, आणि समोरून बघितलं तर पाऊण वर्तुळ. कागदावर आटे काढत बसायचं नाही हे लोकांनी कधीच ठरवून टाकलंय. (काकांचं सगळंच पटतं असं नाही. हेच काका जीए ड्रॉइंगची (अख्ख्या जोडणीच्या चित्राची) रंगीत प्रिंट मागतात आणि तिच्यावर डबा ठेवतात.)

दुरुस्तीला वीस मिनिटं लागली, हेच जास्त लागलं. लायब्ररीतल्या पाच बोल्टमधलं आट्यांचं फीचर सप्रेस केलं, म्हणजे बंद करून ठेवलं, असेंब्ली आपोआप बदलली. क्लॅम्पांवरची अक्षरं, दोन स्प्रिंगा आणि नॉबवरचं नर्लिंग (पकडीसाठीची खरबरीत नक्षी) उडवलं. तेवढ्यात इन्व्हर्टर कोकलायला लागला, म्हणून ज्युनिअरचा कॉम्प्युटर बंद केला. खरी लढाई सरांशी होती. "अख्खी असेंब्ली द्यायची? उद्या ती गावभर फिरेल." मी म्हटलं, सर, स्टेपमध्ये आपला फीचर ट्री जातच नाही, आपण काय क्रमाने काय बनवलं ते कोणाला कळणार नाही. पार्टची नावं बदलते, सिलिंडर आतून भरीव करते. फोनवर बराच वेळ काही आवाज आला नाही. मग म्हणाले, "नावं नीट बदला."

३१ एमबी. मिनिटभरात वर गेली. मी चहा आणायला उठले आणि परत येईपर्यंत, फार तर चार मिनिटांत, मॉडेल ब्राउझरमध्ये फिरत होतं. पावणेतीन वाजले होते. पुढच्या वेळी मी पॅरासॉलिडची एक्स_टी फाइलही काढून बघणार आहे. सॉलिडवर्क्स, एनएक्स, सॉलिड एज या सगळ्यांच्या पोटात तेच पॅरासॉलिड इंजिन आहे. दोन्ही बाजूंना तेच असेल तर भाषांतराचा मोठा भाग गळूनच पडतो. पण त्या दिवशी आणखी प्रयोग करायची ताकद नव्हती.

चारला सर आले, लाईटही आली. रिव्ह्यू झाला. चिप्स कुठे पडणार, एक क्लॅम्प टूलच्या वाटेत येतो का, तिसऱ्या बाजूचा रेस्टपॅड चार मिलिमीटर सरकवा, बस. चाकणचे साहेब मोबाईलवर दोन बोटांनी मॉडेल मोठं करून बघत होते, हे त्यांच्या आवाजावरूनच कळत होतं. शेवटी म्हणाले, "मॅडम, एक विचारू? बोल्टना थ्रेड दिसत नाहीयेत. तुमच्या त्या कोटेशनच्या चित्रात होते ना? छान दिसत होते."

सरांनी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "हो सर. ड्रॉइंगमध्ये लिहिलेले आहेत. चित्र हवं असेल तर वेगळं पाठवते."