पोटातला गोळा

रविवार, रात्र

आज शेतात भरीत पार्टी होती. पऱ्हाटीच्या जाळावर वांगी भाजली, धुराचा वास अजून केसांत आहे. लसूण-मिरचीचा ठेचा पडायच्या आत मी माझ्यापुरतं भरीत वेगळं काढलं, वर कांद्याच्या पातीचा फक्त हिरवा भाग चिरून घातला. खालचा पांढरा कांदा मला सोसत नाही. मोठी आई म्हणाली, “इतलंच?” पण आग्रह केला नाही. जवळपास संडास कुठे आहे हे न विचारता चार वर्षांत पहिल्यांदा पंगतीला बसले.

चार वर्षांपूर्वी जूनमध्ये वादळानं नानांची निसवलेली केळी एका रात्रीत आडवी केली. कर्जाचा हप्ता, नानांचं गप्प बसणं, आणि सकाळी ६.४०च्या एसटीत माझ्या पोटात मुरडा. चहासुद्धा न घेता निघायचे, तरी यायचाच.

रक्त, सोनोग्राफी, शेवटी दुर्बीण. सगळं नॉर्मल. “काही नाही, मनाचे खेळ,” म्हणत एका डॉक्टरांनी फाइल परत दिली. त्या दिवशी रिक्षात रडले. काही नाही, तर दुखत काय होतं?

दुसऱ्यांनी आधी विचारलं, वजन उतरलं का, शौचातून रक्त जातं का. मग आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम) हे नाव सांगितलं, म्हणजे तपासणीत दोष दिसत नाही, पण आतडं नीट वागत नाही. आतड्याला स्वतःचं मज्जातंतूंचं जाळं असतं, कोट्यवधी पेशींचं. शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यातच तयार होतं. मेंदूचा ताण आतड्यापर्यंत पोचतो, त्याची हालचाल बदलते. आयबीएसमध्ये आतडं इतकं हळवं होतं की साधा गॅस धरला तरी कळ येते. म्हणजे कळ खरीच! भीतीनं पोटात गोळा आला, असं आपण म्हणतो ते उगाच नाही.

त्यांनी वहीत तीन रकाने आखायला लावले: काय खाल्लं, झोप किती, डोक्यात काय. महिन्याभरात दिसलं ते असं. शनिवारी रात्री शेवभाजी खाल्ली तर रविवारी पोट शांत. तीच रविवारी रात्री खाल्ली की सोमवारी बसमध्ये हाल. आणि मधल्या रकान्यात झोप चार तास, कारण बारापर्यंत मोबाइलवर हप्त्यांचीच बेरीज.

आता गहू कमी, ज्वारीची भाकरी जास्त, रात्री ईसबगोल. दहाला मोबाइल बाहेरच्या खोलीत. पण सगळ्यात जास्त गुण आला तो संध्याकाळी नानांबरोबर बांधापर्यंत चालण्याचा. चालता चालता नानाच हप्त्याचं बोलायला लागले. किती देणं उरलंय हे मला पहिल्यांदा नीट कळलं. मी रात्रभर धरून बसायचे त्यापेक्षा ते कमी होतं.

उद्या सोमवार. डबा भरून ठेवलाय. सकाळी चहा घेऊनच निघणार.

नाना ओट्यावरून विचारताहेत, “पोट बरं शे ना?”