सुतळीवरच्या सहा कविता

पाचवीच्या मुलांना पात्राचा स्वभाव विचारला की उत्तर ठरलेलं असतं: हुशार, प्रेमळ, मदत करणारी. स्वाध्याय सोडवून सोडवून लागलेली सवय आहे ती. कवितांमधून सांगितलेल्या कादंबरीत ती चालत नाही. तिथं विशेषणं हाताला लागत नाहीत, आणि एका कवितेतून दुसरीत जाताना मधलं बरंच काही गाळलेलं असतं. ते मुलांनाच भरावं लागतं.

आम्ही थान्हा लाई यांचं ‘इनसाइड आउट अँड बॅक अगेन’ घेतलं होतं. २०११ सालचं हे पुस्तक मुक्तछंदात आहे. १९७५ मध्ये व्हिएतनाममधलं सायगॉन शहर पडतं, दहा वर्षांची मुलगी आई आणि तीन भावांसोबत जहाजानं निघते आणि अमेरिकेत अलाबामात जाऊन पोचते. मुलीचं नाव ‘हा’. मराठी वाक्यात ते हरवतं, म्हणून ते कायम लाल खडूनं.

प्रत एकच आणि तीही इंग्रजी. म्हणून सहा कवितांचा भावार्थ मराठीत करून जाड मार्करनं चार्टपेपरवर लिहिला. मुळात ओळ जिथं तुटते, जमेल तिथं मराठीतही तिथंच तोडली. सलग लिहिलं की मुलं भरभर वाचतात आणि थांबायच्या जागा निसटतात. “मॅडम, याले चालच नाही,” ही तक्रार पहिल्या दिवशीच आली. त्यावर उपाय मोठ्यानं वाचण्याचा: ओळ संपली की मनात एक मोजायचं, मगच पुढं. पहिलं वाचन पेन्सिल खाली ठेवून, दुसरं वहीतल्या तीन रकान्यांसह. काय केलं, काय बोलली, काय बोललीच नाही. खरं काम तिसरा रकाना करतो.

कागद वऱ्हांड्यात दोन खांबांमध्ये सुतळी बांधून क्रमानं टांगले, वाऱ्यासाठी प्रत्येकाला दोन चिमटे. ते महिनाभर काढायचे नाहीत, कारण कापूस वेचणीच्या दिवसांत हजेरी गळते आणि आलेल्या मुलाला मागचं तिथंच उभं राहून वाचता आलं पाहिजे.

पहिल्या कवितेत नववर्षाचा दिवस आहे. घराला भाग्य यावं म्हणून सकाळी पहिलं पाऊल पुरुषाचंच पडायला हवं, अशी आईची समजूत. ‘हा’ सगळ्यांच्या आधी उठून गुपचूप पायाचा अंगठा फरशीला टेकवते. दुसरीत निघताना ती उंदरानं कुरतडलेली बाहुली घेते. तिसरीत दारची पपई पुरती पिकण्याआधीच तोडावी लागते. चौथीत भावाचं कोंबडीचं पिल्लू मेलेलं, ते तिच्या बाहुलीसोबत गुंडाळून समुद्रात सोडतात. पाचव्या कवितेत नव्या शाळेत ती वीसपर्यंत अंक म्हणते आणि वर्ग टाळ्या वाजवतो. अपूर्णांक येणारी पोर आतून जळते. सहावीत शिकवणाऱ्या बाई प्रेमानं सुकवलेल्या पपईचं पाकीट देतात. गोडमिट्ट, चिकट. ती कचऱ्यात फेकते. पुढं तेच तुकडे गरम पाण्यात भिजवलेले समोर येतात आणि घरच्यासारखे नसले तरी बरे लागतात.

सहाही कविता वाचून झाल्यावरचं काम सोपं होतं. प्रत्येक कागदाखाली एक चिठ्ठी, ‘हा’ बदलली असेल तर ती वर सरकवायची, मागं गेली असेल तर खाली. चारचार जणांचे गट. जवळपास सगळ्यांची रेघ पायऱ्यांसारखी चढत गेली आणि सहाव्या कागदावर आपटली. “खायचं फेकलं. मागं गेली थे.” वर्गात अन्न टाकणं म्हणजे पाप, त्यामुळं वाद संपल्यातच जमा होता.

एक मुलगी मात्र तिसऱ्या कागदापाशीच उभी होती. फारसं न बोलणारी पोर. म्हणाली, “थे पाकिटावर नाही रागावली मॅडम. तिची पपई पिकू देली नाही न.”

फळ्याजवळची उरलेली सुतळी मी तिच्या हातात दिली. तिनं तिसऱ्या कागदाचा चिमटा सहाव्याला बांधला. मग बाकीच्यांनाही सुतळी हवी झाली. अंगठ्यापासून टाळ्यांपर्यंत एक दोरी गेली. “दोन्हीकडं तिले कमी समजलं.” बाहुली ते बाहुली दुसरी. एकानं पहिला कागद सहाव्याला बांधला, कारण विचारल्यावर “असंच.” ती दोरी सोडायला लावली. दोन्ही कागदांवरची एकेक ओळ बोट ठेवून दाखवता आली तरच दोरी राहते, हा नियम तिथंच ठरला.

दोऱ्या बघून जे दिसलं ते चिठ्ठ्यांनी दाखवलं नव्हतं. ‘हा’चा राग पहिल्या कवितेपासून पाचवीपर्यंत तोच आहे, तो कुठंही ‘सुधारत’ नाही. बदलतं ते एवढंच: घट्ट धरलेली बाहुली ती भावासाठी सोडते, आणि शेवटी वेगळ्या चवीला तोंड लावते. काय तसंच राहिलं हे आधी सापडलं, तेव्हाच मुलांना काय बदललं ते सांगता आलं. वर-खाली सरकणाऱ्या चिठ्ठ्या मी तेव्हापासून वापरत नाही. त्यात चांगलं-वाईट एवढंच मोजलं जातं.

शेवटची दहा मिनिटं लेखनाची. चौकट फळ्यावर: “आधी हा ___ करते, कारण ___. नंतर ___ करते. पण ___ तसंच राहतं.” बहुतेकांचं शेवटचं वाक्य सगळ्यात नेमकं आलं. काही वह्यांत तरीही “ती शहाणी झाली” होतंच. त्यांना शेरा न देता समासात फक्त कागदाचा क्रमांक विचारते: कितव्या कागदावर, कोणती ओळ? दुसऱ्या दिवशी ती मुलं वही घेऊन वऱ्हांड्यात जातात आणि निम्मी तरी वाक्य खोडून परत येतात.